ताईची बाळंतपणाची फाईल

माझ्या ताईला गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला. वय ५२. आज ती बरी आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्याआधीचे तीन आठवडे तिचा जबडा दुखत होता. दाढ असेल म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. एक्स-रेमध्ये दाढ चांगली निघाली. जिना चढताना ती मध्येच कठडा धरून उभी राहायची आणि मागून येणाऱ्याला म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे." नेहमीच्या डॉक्टरांनी पाळी जायचं वय, दगदग, ॲसिडिटी अशी सगळी कारणं सांगितली. ईसीजी मात्र काढला नाही. मग एका रात्री तिला दरदरून घाम फुटला, मळमळायला लागलं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायला लागलं. तरी कुणालाही उठवायच्या आधी तिने वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. आपण दवाखान्यात गेलो तर सकाळी कुणाची पंचाईत नको म्हणून! दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत गेले तेव्हा त्या घड्या पलंगावर नीट रचून ठेवलेल्या होत्या. वरच्या टॉवेलची कडसुद्धा सरळ केलेली. तिथे मला रडू आवरलं नाही.

अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर मुलगी माहिती लिहून घ्यायला आली. शुगर? नाही. सिगारेट? नाही. मग तिने विचारलं, "गरोदरपणात बीपी वाढलं होतं का?" ताई म्हणाली, "हो, पहिल्या वेळी खूप वाढलं होतं. पायांना सूज होती, लघवीतून प्रोटीन जात होतं. पण ते तेव्हाचं."

"पण ते तेव्हाचं." ही पोस्ट मी या तीन शब्दांसाठी लिहिते आहे.

ताईला झालं होतं ते प्रीएक्लॅम्प्सिया. हा त्रास झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बीपी उतरतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाईल कपाटात जाते. धोका मात्र शरीरातच राहतो. गरोदरपणात शुगर वाढली असेल, दिवस भरायच्या आधी बाळंतपण झालं असेल, चाळिशीच्या आत पाळी गेली असेल, तरी हेच लागू होतं. संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार आणि ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) हेही हृदयाला जड जातात. डायबिटिस तर पुरुषापेक्षा बाईच्या हृदयाचं जास्त नुकसान करतो.

ताईच्या बाळंतपणाच्या वेळी तिला हे कुणी सांगितलं नाही, याचा दोष मी त्या डॉक्टरांना देत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने गरोदरपणातल्या या त्रासांना बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत जागा दिली ती २०११ साली. माझा राग त्यानंतरच्या वर्षांवर आहे. प्रसूतीचे डॉक्टर बाळंतपण उरकलं की मोकळे, हृदयाचे डॉक्टर बाळंतपणाबद्दल विचारत नाहीत, आणि या दोघांच्या मधे आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं काढणाऱ्या बाईला कुणी काही सांगत नाही.

आणि आपणही विचारत नाही, कारण हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छाती धरून कोसळणारा पुरुषच येतो. हे चित्र फार जुनं आहे. १९६४ साली अमेरिकेत हृदयविकारावर खास बायकांसाठी एक परिषद भरली होती. तिचं नाव होतं 'हार्ट्स अँड हजबंड्स'. नवऱ्याचं हृदय कसं सांभाळायचं, हे शिकवायला बायकांना बोलावलं होतं! वस्तुस्थिती अशी, की २०१९ साली जगात मरण पावलेल्या बायकांपैकी सुमारे ३५ टक्के बायका हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी गेल्या. इतक्या बायका दुसऱ्या कुठल्याच आजारगटाने जात नाहीत. स्तनाच्या कॅन्सरची भीती आपल्याला वाटते आणि वाटायलाच हवी, पण त्याच्या कितीतरी पट बळी हृदय घेतं.

जाणीव एकदा झाली की टिकते, असंही नाही. बायकांच्या मृत्यूचं पहिलं कारण हृदयविकार आहे हे अमेरिकेत २००९ साली ६५ टक्के बायकांना माहीत होतं. २०१९ मध्ये हा आकडा ४४ वर आला. इतक्या मोहिमा होऊनसुद्धा! त्यातही तरुण मुलींमधली घसरण मोठी होती. त्यांना वाटतं, हे म्हातारपणीचं दुखणं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. 'बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही' असे मेसेज फिरतात, ते चूक आहेत. बायकांमध्येही छातीतलं दुखणं हेच सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे. फक्त त्याच्या जोडीने जबडा, पाठ, हात दुखणं, दम लागणं, मळमळ, कधी नव्हे इतका थकवा हे बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि मग सगळं ॲसिडिटीच्या किंवा टेन्शनच्या खाती जमा होतं. डॉक्टर तसं म्हणाले तर सरळ सांगा, "आधी ईसीजी काढा." ईसीजी ठीक आला आणि त्रास सुरूच असेल, तर ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीबद्दल विचारा; हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं. आगाऊ वाटलात तर वाटलात.

ताईची फाईल मी शोधून काढली. डिस्चार्ज कार्डवर निळ्या शाईत बीपी लिहिलंय, १६०/११०, आणि खाली एकच सूचना: 'सहा आठवड्यांनी दाखवणे'. ती सहा आठवड्यांनी दाखवायला गेली होती. पुढे कधी दाखवायचं, ते कार्डावर लिहिलेलंच नाही.

त्याच कपाटात माझीही फाईल सापडली. दुसऱ्या वेळी मला शुगर होती. तेव्हाची. बीपी, शुगर, कोलेस्ट्रॉल सगळं तपासायला मी गुरुवारी जाते आहे, आणि फाईल सोबत नेणार आहे.