सगळीकडे एकच पोस्ट? नाही पटलं

दुकानाची जाहिरात सोशल मीडियावर कशी करावी, यावरच्या एका लेखात सल्ला दिलाय: 'एकच पोस्ट सगळीकडे एकदम टाका, वेळ वाचतो'. तो मी वर्षभर पाळलाय, म्हणून बोलतो. आमचं कोल्हापुरात, अंबाबाईच्या देवळाजवळच्या चप्पल लाइनीत चपलांचं छोटं दुकान आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये कॅटलॉगची लिंक टाकत होतो. ती तिथं दाबून उघडतच नाही, हे कळायला चार महिने गेले! फेसबुकवर त्याच लिंकवरून गिऱ्हाईक येत होतं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, तेव्हा इन्स्टावर चौकशांचा नुसता पाऊस. पण पायाचं माप, भाव, 'कर्रकर्र वाजणारी पाहिजे बरं का', हे सगळं ठरलं व्हॉट्सॲपवरच. आता वडील चपलेची वेणी विणतात ती रील इन्स्टाला, मापं आणि भाव व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगला. फेसबुकवर फक्त दुकानाची वेळ आणि सुट्टी.

आणि गूगल मॅप्सचा लेखात उल्लेखच नाही राव! अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेला माणूस रस्त्यात उभा राहून मॅप्सवरूनच दुकानाला फोन लावतो. माझा तिथं दोन वर्षं जुना, बंद नंबर होता. किती गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात गेली, अंबाबाईलाच ठाऊक.