नाका असा सजवा की ड्रोननं पाहत राहावं

सोलापूरच्या वेशीबाहेरचा टोलनाका नव्यानं सजवायचं काम पदरात पडलंय ना? मग टेप नंतर काढा, आधी ड्रोनवाल्याला फोन लावा. नाका वरून कसा दिसतो, एवढंच खरं. खालून जाणाऱ्याचं लक्ष तसंही फास्टॅगमधल्या शिलकीवर असतं.

थीमसाठी लांब जाऊ नका. छताला सोलापुरी चादरीची नक्षी, खांबांना गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवतात ते उंच नंदीध्वज. सातच लावा बरं का, आठवा लावलात तर गावातलं शेंबडं पोरगंही चूक काढेल. गाड्यांच्या डोक्यावर ५.५ मीटर मोकळी जागा सोडायची असते, हे सगळं टांगून झाल्यावर आठवलं तरी चालतं. पहिला उंच कंटेनर येईल आणि जास्तीचं काढून नेईल. उतरवायची मजुरी वाचली.

नक्षी पोलादी जाळीचीच करा आणि ती नेमकी फास्टॅगच्या अँटेनासमोर सोडा. टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर वाचला जातो आणि या लहरी धातूवर आपटून कुठंही जातात. मग शेजारच्या लेनमधल्या जीपचे पैसे कापले जातात आणि दांडा उघडतो तो टेम्पोसमोर. शेजारधर्म, दुसरं काय.

छताला पॉलीकार्बोनेटचा, म्हणजे आतून पोकळ नळ्यांच्या कडक प्लास्टिकचा, पत्रा घ्या. त्याच्या एकाच बाजूला ऊन सोसणारा थर असतो आणि कुठली बाजू वर ठेवायची ते त्यावरच्या पातळ प्लास्टिकच्या वेष्टनावर छापलेलं असतं. ते प्लास्टिक आधी फाडून टाका, मग अंदाजानं बसवा. उलटा बसला तर थोड्याच उन्हाळ्यांत छत भाकरीसारखं करपून पिवळं पडेल, थीमला शोभेल. सहा मीटरचा पत्रा, पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या तापलेल्या छतापर्यंत ४० अंशांचा फरक पडला, तर साधारण १५ मिलिमीटर वाढतो. म्हणून स्क्रूची भोकं मोठी पाडून वर रबरी वायसर बसवतात. तुम्ही भोक स्क्रूच्याच मापाचं पाडा आणि करकचून आवळा. पत्रा भोकापासून तडकेल, वळवाचा पाऊस नेमका तिथून गळेल, आणि दुरुस्तीची निविदा वेगळी निघेल. पत्र्यातल्या नळ्या उतारालाच लावायच्या आणि त्यांची तोंडं टेपनं बंद करायची असतात. आडव्या लावून उघड्या सोडल्यात तर आत धूळ, ओल आणि शेवाळ. हिरवळीचा खर्च वाचला म्हणायचं.

लेनकडे फार बघू नका. रस्तेबांधणीची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, चौपदरी रस्त्यांसाठीच्या २०१४ च्या पुस्तिकेत साधी लेन ३.२ मीटर आणि अवाढव्य वाहनांची ४.५ मीटर आहे. ट्रक २.६ मीटर रुंद धरला तर दोन्हीकडे ३०-३० सेंटिमीटर उरतात, त्यातही आरसे बाहेर आलेले. पुस्तिका खांब गोल करायला सांगते. तुम्ही चौकोनी करा, ग्रॅनाइट मढवा, धारदार कोपरे थेट दोन लेनमधल्या बेटाच्या कडेपर्यंत आणा. रस्ता पसरवतानाही १:२० च्या प्रमाणात हळूहळू रुंदी वाढवणं म्हणजे चैन आहे. दहा मीटर रुंदी वाढवायला दोनशे मीटर जागा कोण घालवतो? पन्नासात उरका. उरलेल्या जागेत लॉन आणि तुमच्या नावाची पाटी.

लेनमध्ये काँक्रीटऐवजी रंगीत पेव्हर ब्लॉक घाला. ट्रक ब्रेक मारत आला की खालची वाळू सरकते, ब्लॉक वर येतात, आपोआप गतिरोधक तयार.

बूथची काच पश्चिमेला ठेवा. आत हवा घेणारा पंखा सायलेन्सरच्या उंचीवर बसवा, म्हणजे आतल्या पोराला आठ तास डिझेलचा धूर ताजा मिळेल. हवा छतावरून घेऊन बूथमध्ये दाबानं सोडायची असते, मग दाराच्या फटीतून धूर आत शिरत नाही. पण छतावर चादरीची नक्षी आहे ना.

ट्रॅक्टर टोल भरत नाही, तेव्हा तो हिशेबात कशाला? गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या लावून तो डाव्या कडेच्या लेनमध्ये शिरेल. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या कांड्या तुमचं खांबांवरचं नवं चकचकीत मढवण बटाट्यासारखं सोलत नेतील. मागे रांग लागेल. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं प्रत्येक गाडीला जास्तीत जास्त दहा सेकंद, आणि शंभर मीटरवर पिवळी रेघ, असं ठरवलं होतं. रेघ जरूर मारा, पण ड्रोनमध्ये खुलेल अशा रंगात.

संडास मात्र झकास बांधा. इटालियन टाइल्स, सेन्सरचे नळ, बाहेर चादरीच्या नक्षीचं दार. दाराला कुलूप घाला आणि किल्ली मॅनेजरकडे द्या. मॅनेजर पुण्याला असतात.