ग्रॅमभर हिरवी पूड आणि किलोभर भाजी

‘एक ग्रॅम स्पिरुलिना म्हणजे एक किलो भाजी. मांसाच्या तिप्पट प्रथिनं, शाकाहाऱ्यांना भरपूर बी-12, शरीरातलं विष साफ. नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य.’ स्पिरुलिना, म्हणजे शैवाल म्हणून विकली जाणारी सुकी हिरवी पूड, हिच्याबद्दलचा हा संदेश बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल.

आधी किलोभर भाजीचं बघू. 100 ग्रॅम पुडीत चोथा साधारण 3.6 ग्रॅम आणि पोटॅशियम 1,360 मिलिग्रॅम असतं. म्हणजे ग्रॅमभर पुडीत पोटॅशियम 14 मिलिग्रॅम, चोथा नावापुरता. किलोभर पालकात पोटॅशियम 5,000 मिलिग्रॅमच्या वर आणि चोथा 20 ग्रॅमच्या पुढे. बीटा-कॅरोटीन स्पिरुलिनात खरंच भरपूर असतं, पण तिथेही ग्रॅमला किलोची सर येत नाही.

‘तिप्पट प्रथिनं’ ही तुलना सुक्या पुडीची ओल्या मांसाशी केलेली आहे. पुडीत 55 ते 70 टक्के प्रथिनं असतात हे खरं. पण रोज घेतात किती? तीन ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, मूठभर तूरडाळीतही तेवढीच. लोहाचं तसंच: तीन ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही नाही, आणि आयसीएमआरच्या 2020च्या शिफारशीनुसार स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम हवं.

सगळ्यात घातक दावा बी-12चा. स्पिरुलिना काटेकोर अर्थाने शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू आहे. तिच्यातलं बहुतांश ‘बी-12’ हे छद्म-बी-12 असतं. रेणू दिसायला जवळचा, पण जठरातलं जे प्रथिन बी-12 धरून पुढे नेतं त्याला तो नीट चिकटत नाही आणि शरीरात काम करत नाही. मग लेबलवर मोठा आकडा कसा? जुन्या चाचणीत जिवाणूंची वाढ मोजतात, आणि त्या जिवाणूंना दोन्ही रेणू चालतात. या आकड्यावर विसंबून बी-12ची गोळी बंद केली, तर हातापायाला मुंग्या येऊ लागेपर्यंत कमतरता लक्षातही येत नाही. शुद्ध शाकाहाऱ्यांनी दूध-दही चालू ठेवावं आणि रक्त तपासून डॉक्टर सांगतील ती बी-12ची (सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन) गोळी घ्यावी.

विष काढण्याच्या दाव्यामागे बांगलादेशातली आर्सेनिकबाधितांवरची एक छोटी चाचणी दाखवता येते. पण तिथे स्पिरुलिनाचा अर्क जस्ताबरोबर दिला होता. त्यावरून घरबसल्या ‘डिटॉक्स’ सिद्ध होत नाही. उलट स्पिरुलिना पाण्यातले जड धातू स्वतःच शोषून घेते, म्हणून पाणी घाण असेल तर तेच डबीत येतं.

‘अपाय शून्य’ तर नाहीच. फिनाइलकीटोन्यूरिया (प्रथिनांतला एक घटक शरीराला न पचण्याचा जन्मजात आजार) असेल तर वर्ज्य. ल्युपससारखा स्वप्रतिरक्षा आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण आजार उफाळल्याच्या नोंदी आहेत. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी क्लोरेला या दुसऱ्या हिरव्या शैवालापासून जपावं, त्यात के जीवनसत्त्व बरंच असतं. केल्प या समुद्री शैवालाच्या गोळ्यांत आयोडीन इतकं असू शकतं की थायरॉइड बिघडावी. नैसर्गिक तलावातून गोळा केलेल्या निळ्या-हिरव्या शैवालात मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष येऊ शकतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने तर त्यासाठी ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम अशी मर्यादाच घातली.

कोलेस्टेरॉल थोडं उतरल्याचं काही लहान चाचण्यांत दिसलंय, तेवढं मान्य. तरीही स्पिरुलिना घ्यायचीच असेल, तर टाक्यांत वाढवलेली, 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक असलेली घ्या. विक्रेत्याकडे त्याच बॅचचा शिसं, आर्सेनिक आणि मायक्रोसिस्टिनचा अहवाल मागा. अर्ध्या ग्रॅमने सुरुवात करा, पोट बिघडलं तर थांबा. आणि पूड उकळत्या सूपात टाकू नका: उष्णतेने तिचं निळं रंगद्रव्य मोडू लागतं.