‘टेस्टिंगने पकडायला हवे होते’

काल रेट्रोच्या, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घेणाऱ्या बैठकीच्या, फळ्यावर एक गुलाबी चिठ्ठी लागली: ‘टेस्टिंगने पकडायला हवे होते.’ खाली नाव नव्हते. तिच्यावर चार मते पडली आणि कृतीच्या रकान्यात ‘टेस्टरने अधिक सखोल चाचणी करावी’ असे लिहून सगळे पुढच्या मुद्द्याकडे वळले. ती टेस्टर मीच. मी काल रात्रभर त्या चिठ्ठीशी भांडत होते, आणि आजही माझा राग शमलेला नाही.

ज्या बगवरून ही चिठ्ठी लागली, तो ज्या युजर स्टोरीत (वापरणाऱ्याला काय हवे ते सांगणाऱ्या कामाच्या छोट्या तुकड्यात) निघाला, ती साधी होती. ग्राहकाला त्याचा जतन केलेला पत्ता बदलता यावा, एवढेच. दोन पॉइंटची, म्हणजे अंदाजाने थोड्याच कामाची. फॉर्म आधीचाच, त्यावर एक ‘बदला’ बटण आणि मागे एक अपडेट. रिलीज झाल्यानंतर चौथ्या दिवशी हिशेब पाहणाऱ्या एका बाईंनी एका ग्राहकाचे गेल्या वर्षीचे बिल पुन्हा छापले, तर त्यावर ग्राहकाचा या आठवड्यातला नवा पत्ता आला. मग शोधाशोध झाली आणि कळले की बिल पत्त्याची स्वतःची प्रत ठेवतच नाही. दर वेळी ते डेटाबेसच्या मूळ टेबलातूनच पत्ता उचलते. म्हणजे ज्या ज्या ग्राहकाने पत्ता बदलला, त्याची आजवरची सगळी बिले एका क्षणात खोटी झाली. पत्ता बदलण्याची सोयच आजवर नव्हती, म्हणून हा दोष इतकी वर्षे कुणाला दिसला नव्हता.

बग कळल्यावर डेव्हलपर काय म्हणाला? ‘हो, बिल तर थेट टेबलातूनच वाचते.’ एका दमात म्हणाला. त्याला आठवावेही लागले नाही. ही माहिती नियोजनाच्या बैठकीत माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसलेली होती, पण ती विचारायला कुणी पाच मिनिटे दिली नाहीत.

ती पाच मिनिटे कुठे गेली, तेही मला नीट आठवते. त्या दिवशी स्प्रेडशीटच्या यादीत अकरा स्टोऱ्या होत्या. पहिलीच्या ‘जोखीम’ रकान्यात ‘कमी’ असे लिहिले गेले, मग माउस त्या चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर गेला, तिथे ते बारीक अधिकचे चिन्ह उमटले आणि ते धरून सरळ अकराव्या ओळीपर्यंत ओढले गेले. अकराच्या अकरा स्टोऱ्यांची जोखीम ठरायला दोन सेकंद पुरले. मी तेव्हा तिसऱ्या स्टोरीचे ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम पूर्ण मानण्याच्या अटी, वाचत होते. मी ‘थांबा’ म्हटले, तर ‘छोट्याच आहेत सगळ्या, रिग्रेशनमध्ये बघू’ असे उत्तर आले. रिग्रेशन म्हणजे बदलानंतर जुने भाग नीट चालतात का याची फेरतपासणी. आणि जोखीम कमी ठरली म्हणून चाचणीला अर्धा दिवस मिळाला, जोखीम कमी ठरली म्हणून बिलांचा भाग रिग्रेशनमधून वगळला गेला. त्या अर्ध्या दिवसात मी रिकामे रकाने, अतिलांब नावे, पिनकोडच्या जागी अक्षरे, मोबाइलचा पडदा, एकाच वेळी दोन खिडक्यांतून केलेला बदल असे सगळे तपासले होते. चिठ्ठीवर यातले काही नव्हते.

मी तिथे विचारणार होते ते प्रश्न तीनच होते. ही माहिती आणखी कोण कोण वाचते? आधी होऊन गेलेल्या व्यवहारांचे काय होते? आणि चुकलेच तर ते कुणाच्या, किती दिवसांनी लक्षात येईल व मागे घेता येईल का? युजर स्टोरीची जोखीम म्हणजे मुख्यतः हेच असते. चूक होण्याची शक्यता किती आणि झाली तर परिणाम किती, हे दोन्ही त्या स्टोरीवर काम करणाऱ्यांनी, ती मांडणाऱ्यांनी आणि ती तपासणाऱ्यांनी एकत्र बसून बोलायचे असते. सॉफ्टवेअर विकासातले जाणकार रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्येच युजर स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड, संवाद आणि खातरजमा. आमच्याकडे कार्ड आहे, खातरजमा माझ्या डोक्यावर आहे, आणि मधला संवाद मात्र वेळ खातो म्हणून कापला जातो.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो ‘छोटी स्टोरी’ या शब्दांचा. पॉइंट हे कामाचा आकार सांगतात, धोक्याचा नव्हे. दोन पॉइंटच्या स्टोरीत सगळी जुनी बिले बिघडू शकतात आणि तेरा पॉइंटच्या स्टोरीत एखाद्या अंतर्गत अहवालाचे रंग बदलण्यापलीकडे काही नसते. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले, ते ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवण्याच्या रूपांतरामुळे, आणि तो कोड एरियन ४ वर व्यवस्थित चाललेला होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला, नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग (कोडमधली चालू-बंदची खूण) वापरला गेला होता, आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. या बदलांना पॉइंट द्यायला सांगितले असते, तर आमच्या बैठकीत दोनच्या वर कुणी गेले नसते.

आता विषय निघालाच आहे तर इतर गोष्टीही सांगून टाकते, कारण त्या माझ्या मनात कितीतरी स्प्रिंटांपासून (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांपासून) साचल्या आहेत. कामांची नोंद ठेवण्याच्या आमच्या टूलमध्येही जोखमीचा रकाना सक्तीचा आहे, पण त्यात ‘मध्यम’ हे आधीच निवडलेले असते, त्यामुळे कुणी विचार करून ‘मध्यम’ म्हटले आहे की कुणी त्या रकान्याकडे पाहिलेलेच नाही, हे मला आजवर कधीही कळलेले नाही. माझ्या याआधीच्या प्रकल्पात शक्यता आणि परिणाम यांचे पाच बाय पाचचे रंगीत कोष्टक होते, तिथे प्रत्येकजण मधल्या पिवळ्या चौकटीत जाऊन बसत असे, कारण लाल म्हटले की खुलासा द्यावा लागतो. आणि ते गुणाकार! शक्यता एक आणि परिणाम पाच, म्हणजे पाच. शक्यता पाच आणि परिणाम एक, म्हणजेही पाच. रोज दिसणारी स्पेलिंगची चूक आणि वर्षातून एकदा सगळा डेटा पुसणारी चूक एकाच ओळीत उभी केली जाते आणि पुढे पाहिले जाते ते फक्त त्या आकड्याकडे.

रिस्क पोकर आम्ही एकदा करून पाहिला. प्रत्येकाने जोखमीच्या आकड्याचा खेळातला पत्ता गुपचूप निवडायचा, सगळ्यांनी एकदम उघडायचा आणि ज्यांचे पत्ते सर्वांत दूर पडले त्यांनी आधी बोलायचे. त्या दिवशी लॉगिनच्या एका स्टोरीवर सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलीने एकटीने सर्वांत मोठा पत्ता टाकला आणि तिने सांगितलेल्या एका वाक्यामुळे सेशन संपण्याची आख्खी हाताळणी बदलावी लागली. पुढच्या स्प्रिंटला हा प्रकार बंद झाला. कारण काय, तर बैठक वीस मिनिटे लांबली.

शिवाय स्प्रिंटच्या मध्यावर स्टोरी बदलते. ‘तेवढे एक चेकबॉक्स वाढवूया’ म्हणून क्रायटेरियात एक ओळ वाढते, जोखीम मात्र पहिल्या दिवशी लिहिली तीच राहते. मी विचारले की ‘असे कोण करते प्रॉडक्शनमध्ये?’ (म्हणजे खऱ्या वापरात) हे वाक्य तयार असते. लोक करतात. कुणीतरी गेल्या वर्षीचे बिल छापले की नाही?

मला सखोल चाचणी करण्याचा कंटाळा नाही. मी याच कामावर प्रेम करून इथे आले आहे. पण अर्धा दिवस द्यायचा की तीन, बिलांकडे पाहायचे की नाही, हे ठरते ते त्या रकान्यावरून, आणि रकाना कुणी भरला याची नोंद कुठल्याच चिठ्ठीवर येत नाही. मी रेट्रोत हे बोलले. ‘दोषारोप नको’ असे मला सांगण्यात आले, तेही त्याच फळ्यासमोर, ती गुलाबी चिठ्ठी तिथेच असताना.

उद्या सकाळी पुढच्या स्प्रिंटचे नियोजन आहे. आज संध्याकाळी यादी उघडली तर नऊ स्टोऱ्या आल्या आहेत आणि जोखमीचा रकाना बैठकीआधीच वरपासून खालपर्यंत ‘कमी’ने भरलेला आहे. मी तो पुसला आहे. नऊही चौकटींत, पत्ता बदलण्याच्या स्टोरीच्या वेळी विचारायचे राहिलेले तेच तीन प्रश्न लिहिले आहेत आणि प्रत्येकापुढे उत्तर देणाऱ्याच्या नावासाठी जागा सोडली आहे.