संग्रहालयाचा सातबारा

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ ओकलंड काउंटीत आमचं घर आहे; काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. इथे घरपट्टीच्या बिलात शाळा, ग्रंथालय, उद्यानं अशा ओळी असतात आणि त्यांच्यामध्ये एक छोटी ओळ कला संग्रहालयाची असते. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स, इथल्या बोलण्यात डीआयए, या संग्रहालयासाठी आम्ही कर भरतो. दीड लाख डॉलर किमतीच्या घराला वर्षाला साधारण १५ डॉलर पडतात. हा कर सरकारने लादलेला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये वेन, ओकलंड आणि मॅकोम या तीन काउंट्यांतल्या मतदारांनी मतपेटीतून तो स्वतःवर लावून घेतला, तोही दहा वर्षांच्या मुदतीने. मॅकोममध्ये ठराव अगदी निसटता पार पडला. मुदत संपण्याआधीच, मार्च २०२० मध्ये, लोकांना पुन्हा विचारलं, लोकांनी पुन्हा होकार दिला.

महाराष्ट्रातल्या संग्रहालयांवरचे वाद मी इथून नेमाने वाचते. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यात आली, तेव्हा ती खरोखर महाराजांचीच का, यावर इतिहास संशोधक आणि सरकार यांच्यात जुंपली. त्याआधी संग्रहालयांच्या नावांवरून वाद झाले. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाबद्दल अधूनमधून एक वाद डोकं वर काढतो. महापालिकेच्या वास्तूचा कारभार विश्वस्त मंडळाकडे का, असं एक बाजू विचारते आणि पालिकेकडे राहिलं असतं तर त्याचे काय हाल झाले असते ते आठवा, असं दुसरी बाजू सांगते. वस्तू कुणाची, नाव कुणाचं, ताबा कुणाचा. फिरून फिरून आपण सातबाऱ्यावरच येतो. डेट्रॉइटने मात्र मला दाखवलं की सातबारा लोकांच्या नावावर असला तरी संग्रहालय लोकांचं झालेलं नसतं, आणि तो दुसऱ्याच्या नावावर गेला तरी ते लोकांचं होऊ शकतं.

हे संग्रहालय १८८५ मध्ये सुरू झालं आणि १९१९ मध्ये शहराच्या ताब्यात गेलं. मोटारींच्या पैशाने तेव्हा डेट्रॉइट फुगत होतं. शहराने १९२२ मध्ये व्हॅन गॉगचं एक आत्मचित्र विकत घेतलं. अमेरिकेतल्या सार्वजनिक संग्रहालयात आलेलं हे त्याचं पहिलं चित्र. १९३० मध्ये जुना युरोपीय चित्रकार ब्रूगल याचं ‘लग्नातला नाच’ आलं. त्याआधी १९२७ मध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर पांढऱ्या संगमरवराची भव्य इमारत उभी राहिली होती. सगळं शहराच्या मालकीचं, म्हणजे कागदोपत्री जनतेचं.

जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे १,८०० कोटी डॉलरचं कर्ज, अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची तोवरची सर्वांत मोठी दिवाळखोरी. निवडून आलेल्या महापौर आणि नगरसेवकांच्या डोक्यावर राज्य सरकारने आणीबाणी प्रशासक बसवला होता. मार्च २०२२ नंतर मुंबई-पुण्याने जो प्रशासकांचा कारभार अनुभवला, तो ज्यांना आठवतो त्यांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायला नको. मग कर्जदार शहराच्या मालमत्तेची मोजदाद सुरू झाली आणि त्या यादीत चित्रंही आली. शहराची मालकी होती म्हणूनच ती विकता येणार होती! क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या जाणकारांनी शहराच्या पैशातून घेतलेल्या सुमारे २,८०० कलाकृतींची किंमत ४५ ते ८७ कोटी डॉलरच्या दरम्यान लावली. त्यात ब्रूगल होता, व्हॅन गॉग होता.

अशा वेळी वर्षभरापूर्वीचं ते मतदान कामाला आलं. आम्ही ज्या संग्रहालयासाठी कर भरतो त्यातली चित्रं विकली तर कर बंद, असं ओकलंड काउंटीच्या कला प्राधिकरणाने ठरावच करून सांगितलं. वर्षाला सुमारे २.३ कोटी डॉलर येत होते, ते गेले तर संग्रहालयाला टाळंच लागलं असतं. शेवटी तोडगा निघाला. मोठ्या धर्मादाय संस्था, मिशिगन राज्य आणि स्वतः संग्रहालय यांनी मिळून वीस वर्षांत ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायची, ती निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनसाठी वापरायची आणि बदल्यात संग्रह शहराच्या मालकीतून काढून एका स्वतंत्र ना-नफा संस्थेच्या हवाली करायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे सातबाऱ्यावरून शहराचं नाव गेलं, आणि नेमक्या त्याच काळात संग्रहालय लोकांच्या अधिक जवळ आलं.

या तोडग्याचं कौतुक करताना पेन्शनरांना विसरणं मला पटत नाही. शहराच्या सर्वसाधारण निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला साडेचार टक्क्यांची कात्री लागली, महागाईनुसार मिळणारी वाढ बंद झाली. तोडगा निघाला नसता तर कात्री कितीतरी मोठी असती, हे खरं. तरीही ज्यांनी तीस-तीस वर्षं शहराचं पाणी आणि रस्ते सांभाळले, त्यांनी या बचावाची किंमत मोजली आहे. संग्रहालयाने त्यांचं देणं लागतो अशा भावनेने वागायला हवं, असं मला वाटतं. २०२० मध्ये खुद्द संग्रहालयाच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कारभाराबद्दल जाहीर तक्रारी केल्या, तेव्हा हे देणं फिटलेलं नाही हे दिसलंच.

पण २०१२ मध्ये उपनगरांतल्या लोकांनी मुळात हो का म्हटलं? डेट्रॉइट आणि उपनगरं यांच्यातली फूट जुनी आणि खोल आहे, वर्णाची आणि पैशाची. आठ मैल नावाचा रस्ता ही त्या फुटीची सीमा. त्या रस्त्यापलीकडच्या माणसाने शहरातल्या संग्रहालयासाठी कर का भरावा?

उत्तराचा मोठा भाग २००७ मध्ये सापडतो. त्या वर्षी संग्रहालय डागडुजीनंतर नव्याने उघडलं आणि डागडुजीबरोबर मांडणीही मुळापासून बदलली होती. आधीची दालनं कला-इतिहासकारांच्या सोयीची होती: देश, शतक, शैली. नव्या मांडणीत माणसाच्या आयुष्यातले विषय आले. चित्राशेजारची माहिती छोटी आणि सोप्या भाषेतली झाली. अठराव्या शतकातल्या युरोपीय चिनी मातीच्या ताटवाट्या काचेच्या कपाटात असतात, त्यांच्यापुढे बहुतेक लोक थांबत नाहीत. इथे त्यांच्यासाठी एक जेवणाचं टेबल आहे. त्यावर वरून चित्रफीत पडते, नोकरांचे हात येतात, तुमच्यापुढे एकामागून एक पदार्थ वाढतात, ताटं उचलतात. माझ्या मुलीला ती भांडी कशासाठी होती हे कुणी सांगावं लागलं नाही. त्या काळी अशा मांडणीला पोरखेळ म्हणणारे समीक्षकही होते. मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटतं. ज्याला शैलीचं नाव माहीत नाही त्यालाही चित्रापुढे उभं राहण्याचा हक्क आहे, आणि त्याला उभं राहता येईल अशी सोय करणं हे विद्वत्तेचंच काम आहे.

पुढे २०१० पासून संग्रहालयाने आपल्या गाजलेल्या चित्रांच्या हुबेहूब प्रती चौकटींसकट गावोगावच्या भिंतींवर आणि बागांमध्ये लावायला सुरुवात केली. कराच्या मोबदल्यात काय देणार हेही आधीच सांगितलं होतं: तिन्ही काउंट्यांतल्या रहिवाशांना प्रवेश मोफत, शाळांच्या सहली मोफत आणि सहलीची बसही मोफत, ज्येष्ठ नागरिकांच्या गटांना तशीच सोय. मेक्सिकन वस्तीतल्या मृतात्म्यांच्या सणाला दर शरद ऋतूत स्थानिक लोक आणि कलावंत संग्रहालयात स्मृतीच्या वेदी मांडतात. २०१८ मध्ये आशियाई दालनं नव्या रूपात उघडली. तिथली चोळ शैलीची ब्राँझची पार्वती बघायला आम्ही मराठी मंडळी पाहुण्यांना आवर्जून नेतो.

आणि संग्रहालयातला रिव्हेराचा चौक. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये फोर्डच्या रूज कारखान्यात हिंडून चारही भिंतींवर २७ चित्रफलक रंगवले. पैसे एडसेल फोर्डने दिले, चित्रकार पक्का डावा. उत्तरेच्या भिंतीवर व्ही-८ इंजिन घडतं आहे, दक्षिणेच्या भिंतीवर गाडीचे पत्रे आणि जोडणी. लसीकरणाच्या फलकावरून तेव्हा धर्मनिंदेचा आरोप झाला, भिंतीला चुना फासा अशी मागणी वर्तमानपत्राने केली. चित्रं टिकली. माझे बाबा पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधून निवृत्त झाले. त्यांना मी तिथे घेऊन गेले, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवरच्या अजस्र प्रेसकडे बोट दाखवून त्यांनी मला अर्धा तास समजावलं: इथे डाय बसते, इथे हात ठेवायचा नसतो, हा माणूस चुकीच्या जागी उभा आहे. चित्रकलेबद्दल ते आयुष्यात कधी इतकं बोलले नव्हते. पिंपरी-चिंचवडच्या, भोसरीच्या, गिरणगावच्या माणसाला आपलं काम भिंतीवर एवढ्या मानाने रंगवलेलं बघायला महाराष्ट्रात कुठे जाता येईल, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही.

आपल्याकडे काहीच नाही, असं मला म्हणायचं नाही. उलट आहे ते फार थोर आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत उघडलं, तेही लोकवर्गणीच्या बळावर. ज्यांचं नाव त्याला १९७५ मध्ये दिलं, ते भाऊ दाजी गोव्यातल्या मांद्र्याचे, मुंबईत नावाजलेले डॉक्टर आणि विद्वान, आणि ही वर्गणी जमवण्यात त्यांचा पुढाकार होता. २००३ मध्ये पालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि वारसा जपणारी संस्था इंटॅक यांनी करार करून या मोडकळीला आलेल्या वास्तूचं जतन केलं, त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आत मातीच्या छोट्या प्रतिकृतींमधून जुन्या मुंबईतले व्यवसाय, जातीजमाती, पेहराव दिसतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये संग्रहालय भरून ते शाळाशाळांत नेलं आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून जमवलेल्या दिवे, अडकित्ते, वाद्यांच्या संग्रहासमोर मी लहानपणी तास घालवले आहेत. सातारा जिल्ह्यातच औंधला पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे! वाघनखांसाठी साताऱ्याला गेलेल्या सहलींपैकी किती औंधला वळल्या असतील?

भाऊ दाजींच्या काळातली वर्गणी आणि डेट्रॉइटचा कर यांची जात एकच आहे. लोकांनी आपणहून दिलेला पैसा हिशेब मागतो. महाराष्ट्रात घरपट्टीबरोबर आपण शिक्षण उपकर भरतो, वृक्ष उपकरही भरतो. मग त्यात कला उपकराची एक ओळ घाला, असं मला मित्र सुचवतात. मला हा उपाय असाच्या असा उचलावासा वाटत नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, तेव्हा कर भरणाऱ्यालाच प्रवेश मोफत असा नियम केला तर चाळीतलं, झोपडपट्टीतलं पोरच बाहेर राहील. शिवाय आपल्याकडे करावर मतदान होत नाही आणि मुदत संपली म्हणून कुणी पुन्हा विचारायला येत नाही. डेट्रॉइटच्या करातली खरी गोष्ट त्या १५ डॉलरांत नाही, दहा वर्षांनी दारात येऊन पुन्हा मागावं लागतं यात आहे. पालिका चालवो की विश्वस्त मंडळ, तेवढी एक अट दोघांनाही पाळायला लावता येते.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,००० कोटींच्या वर होता. पैसा नाही, हे उत्तर तिने देऊ नये. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला पालिका शाळांची मुलं येतात, संग्रहालय त्याच आवारात आहे. सहलीच्या बसला तिथे आणखी दोन तास थांबायला सांगावं, पाट्या मुलांना कळतील अशा मराठीत, हिंदीत आणि उर्दूत लिहाव्यात, लिहिण्याआधी भायखळा-लालबाग-नागपाड्यातल्या शिक्षकांना आणि निवृत्त गिरणी कामगारांना बोलवून विचारावं. किती शाळा आल्या, कुठल्या वॉर्डातून आल्या, कुठल्या वॉर्डातून एकही आली नाही, हे दरवर्षी छापावं. नगरसेवकांनी सभागृहात संग्रहालयाच्या कराराबद्दल जरूर प्रश्न विचारावेत, पण त्याच बैठकीत हा तक्ताही मागावा.