पत्ता लपवून देऊळ वाचत नाही

नाशिक जिल्ह्यातल्या पडक्या देवळांचे फोटो टाकताना खाली हल्ली एक ओळ ठरलेली असते: 'कृपया ठिकाण विचारू नये.' पत्ता फुटला की आधी रीलवाले येतात, मागोमाग पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं, मग नंदीखाली गुप्तधन शोधणारे, आणि शेवटी ऑइलपेंटचे डबे घेऊन एखादा दानशूर, असा हा हिशेब. दुसरा पक्ष म्हणतो, लोकांना ठाऊकच नसेल तर उद्या देऊळ नाहीसं झालं तरी कळणार कोणाला? २०२७चा सिंहस्थ जवळ येतोय तसा या वादाला जोर चढलाय. इथे लीड्समध्ये बसून तो वाचताना वाटतं, दोन्ही बाजू पत्त्यावरच अडल्यात आणि नोंदीचं कोणी बोलत नाही.

आधी आम्हा परदेशस्थांचं आवडतं पालुपद बाजूला ठेवू: 'इकडे बघा कसं जपतात!' लीड्समध्ये कर्कस्टॉल ॲबी नावाचा मठ आहे. त्याची स्थापना ११५२ची, म्हणजे साधारण सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळाच्याच काळातली. आज भोवती कापलेली हिरवळ, माहितीचे फलक, सगळं नीटनेटकं. पण सोळाव्या शतकात मठ बंद झाल्यावर लोकांनी त्याचे दगड उचलून नेले, काही शहरातल्या पुलाच्या पायऱ्यांना लागले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तर रस्ता मठाच्या मुख्य दालनातून आरपार जात होता. म्हणजे अक्कल इथेही उशिराच आली. ती आल्यावर इंग्रजांनी काय केलं, ते मात्र घेण्यासारखं आहे, आणि त्यात हिरवळीचा भाग सगळ्यात कमी.

त्यांनी यादी केली. इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत आज सुमारे चार लाख नोंदी आहेत, प्रत्येकीला क्रमांक आणि नकाशावर जागा. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या मदतीने हौशी फोटोग्राफरांनी या यादीतल्या इमारतींचे तीन लाखांच्या आसपास फोटो काढले. कलात्मक नव्हेत, समोरून, सरळ, दार-खिडक्या मोजता येतील असे. आणि पत्त्याच्या वादावरही इथे एक तोडगा आहे. शेतात सापडलेल्या जुन्या नाण्यांची-दागिन्यांची नोंद ज्या सरकारी योजनेत होते, तिथे लोकांना सापडल्याची जागा एक किलोमीटरच्या चौकोनापर्यंतच दिसते. नेमका बिंदू अभ्यासकांना आणि खात्याला. रात्री मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरणारे इथेही आहेत, म्हणून हा बंदोबस्त.

आपल्याकडे हे असं उतरवता येईल: लोकांसमोर गावाचं नाव, अचूक जीपीएस नोंदीत, आणि ती नोंद ग्रामपंचायतीत आणि राज्य पुरातत्त्व खात्याच्या नाशिकच्या कार्यालयात. सुट्या पडलेल्या मूर्तींचं स्थान मात्र जाहीर करूच नये.

कारण चोराला पत्ता आपल्या आधी मिळालेला असतो. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनच्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. २०१४मध्ये तो परत आला, कारण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे तीच मूर्ती देवळात उभी असतानाचे जुने फोटो होते. फोटो नसता तर मूर्ती आपली हे सिद्ध कशाने करणार होतो? आता विचारा, आपल्या तालुक्यातल्या पारावर टेकवून ठेवलेल्या विष्णूचा असा एक तरी फोटो कुठे आहे का? बाजूने, मागून, तुटलेल्या हाताचा जवळून? असतो तो सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवरचा, काळी आकृती आणि नारिंगी आभाळ. चोरीला गेलेल्या मूर्तीची ओळख पटवायला तो कुचकामाचा.

म्हणून पाच-सहा जण कॅमेरे घेऊन निघणारच असतील, तर दिवसाचे पहिले दोन तास नोंदीला द्यावेत, मग हवं ते करावं. सवय करायला झोडग्याचा माणकेश्वर, देवळाण्याचा जोगेश्वर, अंजनेरीच्या पायथ्याची देवळं उत्तम. अंजनेरीला तर ११४२चा शिलालेख आहे. यातली बरीच ठिकाणं केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे हातातल्या कॅमेऱ्याला कोणी अडवत नाही, पण ट्रायपॉड उघडला किंवा दिवे लावले की परवानगी लागते.

प्रदक्षिणेच्याच दिशेने फिरावं. गावकऱ्यांना खटकत नाही आणि घरी आल्यावर फोटोंचा क्रमही लागतो. आधी चारी बाजू पूर्ण, मग चार कोपरे, मग भिंत खालून वर: पीठ म्हणजे जोतं, त्यावरचे थर, जंघेवरच्या म्हणजे मधल्या उभ्या भिंतीवरच्या मूर्ती, छज्जा, शिखर. प्रत्येक देवकोष्ठाचा, म्हणजे भिंतीतल्या मूर्तीच्या कोनाड्याचा, वेगळा फोटो, रिकामं असलं तरी. रिकामा कोनाडासुद्धा पुरावा असतो. आत दाराची चौकट पूर्ण, ललाटबिंब (चौकटीच्या वर मधोमध कोरलेली मूर्ती) जवळून, प्रत्येक खांब, छत. दर टप्प्याला एका फ्रेममध्ये दहा सेंटिमीटरची पट्टी, दगडाला टेकवून. पुढे धरली की माप चुकतं. वाइड लेन्सने शिखर मागे कलतं, तेव्हा जागा असेल तर मागे सरकून ५० एमएमने घ्यावं.

आपला पाषाण काळा. फ्रेमभर दगड असला की कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो आणि कोरीवकाम धुतल्यासारखं येतं. तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) खाली आणावं. आभाळ फ्रेममध्ये आलं की उलट, दगडाचा कोळसा होतो. शिखराला म्हणूनच दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो.

उत्तरेच्या भिंतीची गोष्ट वेगळी, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. सगळे जातात डिसेंबरात, हवा छान म्हणून. देऊळ पूर्वाभिमुख असेल तर तेव्हा सूर्य दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेच्या भिंतीला दिवसभर ऊन लागत नाही. मूर्ती सपाट, निळसर, निर्जीव येतात. ती भिंत मे महिन्याची. तेव्हा सूर्य पूर्वेच्या साधारण वीस अंश उत्तरेला उगवतो आणि सव्वासहा ते पावणेआठपर्यंत ऊन भिंतीला घासत जातं. नखाएवढ्या खोलीचं कोरीवकामही त्या दीड तासात सावली टाकतं. शेवाळानं माखलेली, एरवी कोणी बघत नाही अशी चामरधारिणीची बोटं मोजता येतात. नंतर सूर्य चढतो, छज्ज्याची सावली खाली उतरते, संपलं.

शिलालेख आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड) यांना हेच तत्त्व टॉर्चने लावायचं. एकाने टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाशी जेमतेम दहा-पंधरा अंशांवर धरायचा, दुसऱ्याने समोरून फोटो घ्यायचा. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार. दगडावर दुपारचं ऊन असेल तर छत्रीची सावली करावी, नाहीतर टॉर्च दिसतच नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, भस्म चोळणं किंवा पाणी ओतणं हा गाढवपणा आहे. खडू भेगांत बसतो, आणि घासणारा हात दर वेळी थोडी थोडी अक्षरं नेतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. वरचाच चौकोन सुंदर म्हणून तेवढाच काढून आणला, तर गोष्टीचा शेवट हाती आणि गोष्ट गावातच.

फोटो जोडून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करायची तर ढगाळ दिवस गाठावा. सरकत्या सावल्यांनी मॉडेल बिघडतं. भिंतीपासून तीन मीटरवर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ एमएमच्या लेन्सने साडेचार मीटर भिंत येते. एक लांब पाऊल सरकून फोटो घेत गेलं की साधारण ८० टक्के भाग पुढच्या फोटोत पुन्हा येतो, आणि तेवढा लागतोच. गुडघा, छाती आणि डोक्यावर धरलेले हात, अशा तीन उंचीवरून तीन फेऱ्या. सहा बाय आठ मीटरच्या देवळाला दोनशे-अडीचशे फोटो पुरतात. झूम मध्येच बदलायचा नाही. मॉडेल फाटतं ते जवळजवळ नेहमी कोपऱ्यावर, कारण माणूस काटकोनात वळतो. तिथे कमानीसारखं फिरत दर पंधरा अंशांवर एक फोटो हवा.

शिखराखाली आग्या मोहोळ आहे का, हे गाडीतून उतरताच बघावं. असेल तर ड्रोन, फ्लॅश, अत्तर, विडी सगळं बंद. पावसाळ्यानंतरच्या गवतात काठी आपटत चालावं, घोणस हलत नाही. गाडी कांद्याच्या शेताच्या बांधावर चढवू नये, एवढ्या एका कारणावरून अख्ख्या गावाचं सहकार्य जातं.

आता इंग्लंडचं जे लागू पडत नाही ते. कर्कस्टॉल मेलेलं आहे, तिथे कोणी नारळ फोडत नाही. आपलं देऊळ पडकं असलं तरी सोमवारी तिथे दिवा लागतो. शेंदराचे थर, दारावर चिकटवलेली बाथरूमची टाइल, कळसाला सोनेरी पेंट हे फोटोग्राफरला बोचतं, पण गुरवाच्या दृष्टीने ती सेवा आहे. 'विद्रूप केलं' म्हणून फोटो फिरवला की गाव आपल्याला कायमचं बंद. त्यापेक्षा सिमेंटचं कारण समजावून सांगावं. यातली बरीच बांधणी चुन्याशिवायची, दगडात दगड बसवलेली. पावसाचं पाणी सांध्यातून बाहेर पडतं. सांधे सिमेंटने लिंपले की पाणी आत कोंडतं, आणि पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत गळती गाभाऱ्यात उतरते. हे गावाला पटतं, कारण गळती त्यांनाही दिसते. शिखरातला पिंपळही उपटायचा नाही. मूळ ओढलं की त्याने धरून ठेवलेले दगड खाली येतात. फोटो काढून खात्याला कळवायचं.

आणि एक, जाता जाता: दिसेल त्या काळ्या देवळाला 'हेमाडपंती' लिहिणं थांबवा. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) तेराव्या शतकातला. अंजनेरीचा लेखच त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा आहे.

सुट्टीत घरी येणाऱ्या आमच्यासारख्यांना दोन सूचना. ड्रोन आणू नये. २०२२पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, कस्टम्समध्ये अडकतो. सुटला तरी लष्करी तळ असलेल्या देवळाली आणि ओझर परिसरात तो उडवणं म्हणजे आपण होऊन पोलीस चौकीत जाणं. दुसरी, कॅमेऱ्याचं घड्याळ. ते ब्रिटिश वेळेवर राहिलं की हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे पडतं, आणि सकाळच्या उन्हातली भिंत मध्यरात्री काढल्याची नोंद होते. ग्रुपमधल्या सगळ्यांनी निघण्यापूर्वी एकाच मोबाइलवरचं घड्याळ आपापल्या कॅमेऱ्याने टिपावं, फरक नंतर दुरुस्त करता येतो.

फाइलचं नाव गाव, देऊळ, बाजू, तारीख. एक प्रत ग्रामपंचायतीला पेनड्राइव्हवर, आणि गुरवाला चार बाजूंचे चार प्रिंट. पेनड्राइव्ह हरवतो, प्रिंट देव्हाऱ्याशेजारी टांगला जातो. प्रिंटच्या मागे गावाचं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी, पेनाची शाई पहिल्याच पावसाळ्यात फुटते.