संयुजा आठातून वजा करून निघत नाही

परीक्षा जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक तक्ता हमखास फिरतो. बाह्यतम कवचात चारपर्यंत इलेक्ट्रॉन असतील तर तीच संयुजा (अणू किती बंध जोडतो तो आकडा), जास्त असतील तर आठातून वजा करा. म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याची संयुजा ठरलेली आणि राजवायूंची, म्हणजे निऑन, झेनॉनसारख्या सहसा कशाशी न जुळणाऱ्या वायूंची, शून्य. सोडियम, ऑक्सिजनपुरतं हे भागतं. पण मुलं यालाच कारण समजतात, आणि खरं कारण, म्हणजे बंध जोडण्यातला ऊर्जेचा हिशोब, कायमचं राहून जातं.

'आठातून वजा करा.' गंधकासाठी उत्तर येतं दोन. हायड्रोजन सल्फाइडमध्ये ते बरोबरच आहे. पण वीज उपकेंद्रातल्या ब्रेकरमध्ये जो वायू भरतात, त्या सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाचा एकच अणू सहा फ्लोरिनना धरून असतो. त्याच गटातला ऑक्सिजन इतका लहान, की त्याच्याभोवती सहा फ्लोरिन मावतच नाहीत.

'चारपर्यंत असतील तर तीच.' मग कार्बन बघा. बंधासाठी जोडीत नसलेला, एकटा इलेक्ट्रॉन लागतो आणि सुट्या कार्बन अणूत असे दोनच असतात. चार बंधांसाठी जोडीतल्या एकाला वरच्या कक्षकात (इलेक्ट्रॉनच्या जास्त ऊर्जेच्या जागेत) चढवावं लागतं आणि त्याला मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मोठ्या संख्येमागे, सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा पडते. बदल्यात मिथेनमध्ये दोन बंध जास्त होतात, प्रत्येकाचे सुमारे ४१० किलोज्यूल. खर्च वसूल होऊन वर भरपूर उरतं, म्हणून चार.

त्याच गटातल्या शिशाला हे परवडतंच असं नाही. त्याची इलेक्ट्रॉनची एक जोडी केंद्रकाने घट्ट धरलेली, आणि अणू मोठा असल्याने बंध दुबळे. इन्व्हर्टरच्या चार्ज केलेल्या बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायऑक्साइड असतं, तिथे शिशाची संयुजा चार. लाइट गेली, पंखे चालले, की त्याच प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं आणि संयुजा होते दोन. चार्जिंगला लावा, पुन्हा चार.

'अष्टक हवंच', म्हणजे बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन झालेच पाहिजेत, हा त्या वजाबाकीमागचा समज. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात.

'राजवायूंची शून्य.' हे १९६२ सालीच खोटं ठरलं. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतं, हे कॅनडात काम करणाऱ्या नील बार्टलेट यांना दिसलं होतं. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते, मोलमागे ११७० किलोज्यूल. मग झेनॉन का नाही? त्यांनी दोन्ही वायू एकत्र आणले आणि पिवळट नारिंगी घन पदार्थ तयार झाला. निऑनसाठी मात्र सुमारे २०८० किलोज्यूल मोजावे लागतात, आणि त्याचं स्थिर संयुग अजून कुणाला बनवता आलेलं नाही.